परण्यापासून पाठवणीपर्यंत

लग्नसराईत जालना जिल्ह्यात परण्या (नवरदेवाची देवळापर्यंतची मिरवणूक) निघाला की गाण्यांचा क्रम वऱ्हाडाला पाठ असतो. नवरदेव घोड्यावर, पुढे झगमगीत कोटातली बँडपार्टी. कानानं उचललेली चाल मास्तर ट्रम्पेटवर धरतो, मधले तुकडे बाकीचे भरतात आणि ढोलवाला मारुतीच्या देवळापर्यंत दम खाऊ देत नाही.

सुरुवात बहुधा ‘मेरा यार बना है दूल्हा’नं किंवा ‘आज मेरे यार की शादी है’नं. पहिलं ‘चौदहवीं का चाँद’मधलं, १९६० सालचं, दुसरं ‘आदमी सडक का’मधलं, १९७७चं. दोन्हींचे संगीतकार एकच, रवी. संध्याकाळी नवरीच्या पाठवणीला वाजणारं ‘बाबुल की दुआएँ’ १९६८च्या ‘नीलकमल’मधलं; शब्द साहिरचे, चाल पुन्हा रवींचीच. ट्रम्पेट शब्द बोलत नाही, तरी नवरीच्या आईला ते सगळे ऐकू येतात.

पोरं मध्येच रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतात तो नागीण डान्स १९५४च्या ‘नागिन’चा. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी खरी पुंगी नव्हेच: कल्याणजींनी क्लेव्हायोलिन हे विजेवरचं वाद्य वाजवलं आणि साथीला हार्मोनियमवर होते हेमंतकुमारांचे सहायक, म्हणजे हेच रवी. पुंगीची नक्कल विजेच्या वाद्यानं केली आणि त्या वाद्याची नक्कल आता क्लॅरिनेट करतं. दिल्लीत एके काळी इलेक्ट्रिशियनचं काम करणाऱ्या, संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या रवींचं नाव वरातीत नाचणाऱ्यांपैकी किती जण सांगतील?

‘बहारों फूल बरसाओ’ मात्र शंकर-जयकिशनचं, १९६६च्या ‘सूरज’मधलं. त्या वर्षीच्या संगीताच्या फिल्मफेअरमध्ये ‘सूरज’नं सचिनदेव बर्मनांच्या ‘गाईड’ला मागे टाकलं. माझं मत तेव्हाच्या परीक्षकांच्या विरुद्ध आहे. पण हार घालायच्या वेळी ‘गाईड’मधलं काय वाजवणार?

सरकारी कवायतीचा बँड वेगळा. तिथे सूर कागदावर लिहिलेले, राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसवलेलं. १९ फेब्रुवारी २०२३पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज असलेलं हे गीत आता १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासारख्या समारंभांतही आलं.

कवायतीला आणि वरातीला दोन्हीकडे चालतं ते ‘ये देश है वीर जवानों का’. १९५७च्या ‘नया दौर’साठी ओ. पी. नय्यरांनी त्याला भांगड्याचा ठेका दिला, म्हणून सैनिकांचं गाणं नाचाचंही झालं. त्या चित्रपटात मोटारबस येते आणि टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. शेवटी शर्यतीत टांगा जिंकतो. वरातीत आता डीजेची गाडी आली आहे. ‘सैराट’चं ‘झिंगाट’ त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून येतं, तेव्हा मास्तरांच्या ट्रम्पेटला ऐकू जाण्यापुरतीसुद्धा जागा उरत नाही. अजून तरी बऱ्याच घरी परण्याची सुपारी बँडला जाते, रात्रीची वरात डीजेला.