डावा कोपरा, २ कोटी ३५ लाख!

आयपीएलचा लिलाव झाला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक जण टीमचा मालक होतो. याला एवढे कशाला दिले, त्याला का सोडला... चहा गार होईपर्यंत चालू! मी त्या वेळी गप्प असतो. माझा सण वेगळा आहे बॉस. प्रो कबड्डीचा लिलाव. त्या दोन दिवसांत मी मीटिंगमध्ये फक्त शरीराने हजर असतो.

आणि या लिलावात माझा फंडा एकदम सिंपल आहे. टीम बांधायची तर कोपऱ्यापासून.

हे शिकलो पारगावात. (‘जुन्नरचं की आंबेगावचं?’ हा प्रश्न येणारच, तर आंबेगावचं. भीमाशंकर साखर कारखान्याचं.) पोरं खेळायला जमली की दोन कप्तान आळीपाळीने एकेक गडी उचलायचे. अमेरिकन फुटबॉलवाले ज्याला ड्राफ्ट म्हणतात, तो हाच. फक्त तिथे कोट घालून टीव्हीवर करतात. माझा चुलतभाऊ कप्तान असला की पहिला गडी कधीच चढाईवाला घ्यायचा नाही. ‘आरं, चढाईला समदीच पळत्यात. पाय धरणारा आधी घे,’ हे त्याचं मॅनेजमेंट. एमबीए न करता.

आता पुणेरी पलटण बघा. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन सीझनमध्ये आपली टीम तळाला होती. नंतर नावं आली, गेली, पण ट्रॉफी काही आली नाही. मग पलटणने वेगळा रस्ता धरला. लिलावाबाहेर थेट घेता येणारे नवे तरुण खेळाडू उचलायचे आणि सोडायचे नाहीत. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, नाशिकचा आकाश शिंदे, संकेत सावंत. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर कॅम्पसमधून फ्रेशर घ्यायचे, घडवायचे आणि दुसऱ्या कंपनीत जाऊ द्यायचे नाहीत.

पण नुसत्या फ्रेशरवर प्रोजेक्ट डिलिव्हर होत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? २०२२ मध्ये पलटणने डाव्या कोपऱ्यासाठी इराणचा फजल अत्राचली घेतला, १ कोटी ३८ लाखांना. सुलतानच तो! टीम फायनलला गेली आणि जयपूरकडून २९-३३ हरली. दुसरी कुठलीही टीम म्हणाली असती, चला, जवळ आलो, हाच ठेवू. पलटणने फजलला सोडलं. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात त्याच डाव्या कोपऱ्यासाठी दुसरा इराणी उचलला, मोहम्मदरेझा शादलू. २ कोटी ३५ लाख! टीमची सगळी थैली ५ कोटींची. म्हणजे जवळपास निम्मी रक्कम एका माणसावर, तीही पाय धरणाऱ्यावर.

कट्ट्यावर तेव्हा आमचं जाम वाजलं होतं. ‘एवढ्या पैशात दोन रेडर आले असते,’ असं म्हणणारे आता दिसत नाहीत. कारण रेडर घरात आधीच होते. भोक होतं ते एकाच जागी, आणि पैसे बरोब्बर तिथेच टाकले. त्या सीझनला २२ पैकी फक्त दोन मॅच हरलो. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ हरवून पहिली ट्रॉफी. सर्वोत्तम बचावपटू शादलू, आणि सीझनचा सर्वात मौल्यवान खेळाडू कोण? अस्लम!

उलट बाजूही बघा. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. पवन सॉलिड खेळाडू आहे, वादच नाही. पण टायटन्स २२ पैकी दोन मॅच जिंकून शेवटचे आले. त्याच्या आदल्या वर्षी तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. तो पहिल्याच मॅचमध्ये जखमी झाला, तरी टीम सेमीफायनलपर्यंत आली. तिथे ३७-३९ अशी हरली. कुणाकडून? आपल्याकडूनच!

टायटन्सवरून आठवलं. ते सलग तीन सीझन तळाला होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये तळाच्या टीमला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. आपल्याकडे असं काही नाही. मला वाटतं, निदान नव्या पोरांपुरता हा नियम आणायला हरकत नाही. मुद्दाम हरण्याची भीती असते म्हणतात, तिकडे तसे आरोप होतातही. पण कबड्डीत मुद्दाम हरायला गेलात तर पब्लिक मॅटवर येईल हो!

आता जरा टोचणारी गोष्ट. फॅन म्हणून मला जे मॉडेल आवडतं, ते खेळाडूला परवडतं का? २०२३ च्या लिलावात सर्वात खालच्या, ‘ड’ गटाची मूळ किंमत होती ९ लाख, ‘अ’ गटाची ३० लाख. राखून ठेवलेल्या पोराला लिलावात उभंच राहता येत नाही, मग त्याचा भाव ठरणार कसा? घरच्या पोरावर प्रेम आणि बाहेरच्याला पॅकेज, हे आपण अप्रेझलच्या वेळी भोगतोच. पाच वर्षं तिथेच असणाऱ्याला शाबासकी, काल आलेल्याला डबल पगार. गुडघा कधी जाईल सांगता येत नाही अशा खेळात हा प्रश्न ऑफिसपेक्षा फार मोठा आहे. माझ्या मते, एखादं पोर दोन सीझन मुख्य सातात खेळलं की एकदा तरी त्याच्यावर खुली बोली लागू द्यावी. तेवढीच रक्कम मोजून जुन्या टीमने परत घ्यावा हवं तर. माझी टीम मोडेल कदाचित. मोडू दे.

चुलतभावाला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, शादलूला जाऊ दिला हीच घोडचूक. २०२४ मध्ये हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेला आणि त्याच सीझनला ट्रॉफी उचलली. आपण प्लेऑफलाही नव्हतो, अस्लमचा गुडघा दुखावला होता. पण २०२५ मध्ये गौरव खत्री, अभिनेश नादराजन या आधीपासूनच्याच पोरांच्या भरवशावर पलटण पुन्हा फायनलला आली की! दिल्लीकडून २८-३१ हरली, पण आली.

त्या रात्री मॅच संपल्या संपल्या त्याचा फोन. हॅलो नाही, काही नाही. ‘तीन गुण! पाय धरणारा एक कमी पडला. पुढच्या लिलावाला सुट्टी टाक, इकडंच ये.’

सुट्टीचा मेल ड्राफ्टमध्ये पडलाय. तारीख तेवढी भरायचीय.