निर्वासित, नागरिक आणि शेजारी

आपल्या बुऱ्हाणपुरात सिंधीपुरा आहे आणि सिंधी बस्तीही आहे. नावे सारखी वाटली तरी त्या दोहोंमध्ये जवळजवळ चारशे वर्षांचे अंतर आहे. सोळाव्या शतकात सिंध प्रांत अस्थिरतेने गांजला, तेव्हा तेथील विद्वान, सूफी व विणकर फारुकी सुलतानांच्या आश्रयाला तापीकाठी आले. त्यांच्या वस्तीचे नाव सिंधीपुरा पडले. १६२२ मध्ये येथे निवर्तलेले शाह ईसा जुंदुल्लाह अशाच एका सिंधी कुळातले. त्यांचा जन्म मात्र वऱ्हाडातील एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा. पुढे १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर मालेगाव, भिवंडीप्रमाणे येथेही आले. १९४७ नंतर फाळणीग्रस्त सिंधी कुटुंबे आली. तेव्हा ‘परका कोण?’ हा प्रश्न या गावाने तरी जपूनच विचारावा.

आश्रय मिळणे आणि समाजात सामावले जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. आश्रयाला छप्पर आणि शिधा पुरतो. सामावून जाण्यासाठी आणखी तीन गोष्टी लागतात : कायद्यातील स्थान, चरितार्थाचे साधन आणि शेजाऱ्याच्या मनातील जागा. यांपैकी एक जरी हुकली, तरी निर्वासितपण पुढच्या पिढीला वारशाने मिळते.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे ७२ लाख निर्वासितांची नोंद झाली. पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना ‘आपला’ म्हणावा असा प्रांतच भारतात उरला नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर स्थलांतराला वेग आला. कल्याणच्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे महायुद्धकाळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते गेल्यावर तेथे सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. मध्य प्रदेशात भोपाळजवळचे बैरागढ व कटनीचे माधवनगर ही अशीच ठिकाणे.

या समाजाच्या उद्योगशीलतेचे आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. परंतु त्याच कौतुकाचा उपयोग पुष्कळदा दुसऱ्या निर्वासितांना हिणवण्यासाठी होतो : ‘हे वर आले, मग तुम्ही का नाही?’ येथे थांबून हिशेब तपासला पाहिजे. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना १९५४ च्या कायद्यान्वये मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळू शकली. ती पूर्ण नव्हती; मोठ्या दाव्यांना प्रमाण कमी होते आणि ज्याची मालमत्ताच नव्हती त्याला दावाही नव्हता. तरी अनेकांना भांडवलाचा आधार झाला. पूर्व बंगालमधून आलेल्यांचे काय? १९५० च्या नेहरू-लियाकत करारानुसार त्यांचा मूळ मालमत्तेवरील हक्क कागदोपत्री कायम राहिला, म्हणून भरपाई नाही. त्यांतील हजारो कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीत आणि १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्पात गेली. भातशेती आणि नदीनाले यांत वाढलेल्या माणसांना मुरमाड जमीन मिळाली. ज्या आदिवासींच्या परिसरात ती वसवली गेली, त्यांची संमती कोणी विचारली नाही. बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडणाऱ्या नमःशूद्रांना मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात तो दर्जाही लाभला नाही.

विषमता सीमेच्या अलीकडेच सुरू झाली असे नव्हे. सिंध सरकारने सफाई कामगारांना ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून कराची सोडण्यास प्रतिबंध केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून अशा दलितांच्या सुटकेची मागणी केली. पळून जाता येणे हीदेखील सर्वांना सारखी मिळणारी सवलत नसते.

समृद्ध देशांत हा प्रश्न सुटला असेल असे कोणास वाटेल. २०१५ साली, जेमतेम एक कोटी लोकसंख्येच्या स्वीडनमध्ये सुमारे १,६३,००० जणांनी आश्रय मागितला. तेथे भाषेचे वर्ग, घर आणि निर्वाहभत्ता यांची व्यवस्था शासन करते. तरीही परदेशात जन्मलेल्यांना काम मिळण्याचे प्रमाण तेथील मूळ रहिवाशांपेक्षा बरेच कमी राहिले आणि शहरांच्या कडेला वेगळ्या वस्त्या तयार झाल्या. आपल्याकडे शासनाची मदत अपुरी होती, पण फेरीवाल्याला बाजारात बसायला अटकाव थोडा होता. तिकडे मदत भरपूर, पण नोकरीचा दरवाजा प्रमाणपत्रे आणि भाषा यांनी अडवलेला. म्हणजे केवळ पैसा पुरत नाही आणि केवळ जिद्दही पुरत नाही. दार उघडे असावे लागते आणि त्यातून आत येण्याइतके बळही हाती असावे लागते.

हे दार प्रथम उघडते ते शाळेत. घरी एक भाषा, अंगणात दुसरी आणि फळ्यावर तिसरी, अशी मुले बुऱ्हाणपूरच्या वर्गांना नवी नाहीत. हिंदी, मराठी, उर्दू, सिंधी यांच्या सरमिसळीतच येथील पिढ्या वाढल्या. आजही यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणारे, दर वर्षी गाव बदलणारे एखादे मूल मागच्या बाकावर गप्प बसलेले असते. ते निर्वासित नाही. पण सामावून घेण्याची गरज त्यालाही आहे. त्याचे नाव हजेरीपटावर लिहिणे हा आश्रय होय. त्याला बोलते करणे, हे शेजारधर्माचे पहिले पाऊल होय.