एकपडदा (भाग ६): ऑपरेटरची केबिन

मागच्या आठवड्यात आपण तिकीटबारीवरच्या रांगेत आणि ब्लॅकवाल्यांच्या गराड्यात होतो. तिकीट हातात पडलं की माणूस सरळ हॉलमध्ये शिरतो. आज तसं न करता बाजूच्या बोळात चला. बऱ्याच जुन्या टॉकीजच्या भिंतीला चिकटून वर जाणारा एक अरुंद लोखंडी जिना असतो. त्या जिन्यानं प्रेक्षक कधीच जात नसत. तो ऑपरेटरचा जिना, आणि तो इमारतीच्या बाहेर असण्यामागे भीती आहे.

साधारण १९५०पर्यंत सिनेमाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटवर निघायची. बंदुकीच्या दारूसारखा वापरला जाणारा गनकॉटन हा याच रसायनाचा सख्खा भाऊ. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. पाण्यात बुडवली तरी ती आत जळत राहते. सिनेमा अगदी नवा होता तेव्हाच, १८९७ साली पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी वापरलेल्या इथरच्या वाफा पेटल्या आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. वॉटसन हॉटेलात मुंबईकरांनी रुपया मोजून ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पाहिली ती ७ जुलै १८९६ला, म्हणजे या आगीच्या वर्षभरही आधी नाही. सिनेमाचं कौतुक आणि सिनेमाची धास्ती अशी जोडीनंच वाढली.

मग नियम आले. मशीनला वेगळी, न जळणारी खोली हवी. तिचा दरवाजा हॉलमध्ये उघडता कामा नये. पडद्याकडे बघणाऱ्या छोट्या खिडक्यांवर लोखंडी झडपा हव्यात, आणि त्या झडपा अशा कडीला टांगलेल्या हव्यात की आच लागताच कडी वितळून झडप आपोआप खाली पडेल. थोडक्यात, आग लागली तर ती केबिनमध्येच कोंडायची, आणि ऑपरेटरनं बाहेरच्या जिन्यानं पळायचं. पळता आलं तर. कोडॅकनं १९५१ला नायट्रेट फिल्म बनवणं थांबवलं, न भडकणारी सेफ्टी फिल्म आली, पण झडपा आणि जिने तसेच राहिले.

टॉकीजच्या आठवणी निघाल्या की शिट्ट्या, पडद्यावर उधळलेली चिल्लर, खुर्च्यांतले ढेकूण आणि मध्यंतरातला वडा यांच्यापुढे कुणी जात नाही. मला त्या आठवणींचा कंटाळा नाही, पण त्यात सगळे पडद्याकडे तोंड करून बसलेले असतात. पाठीमागून जो झोत यायचा, तिकडे मान वळवायची ती फक्त चित्र गेलं की. सिनेमा त्या केबिनमध्ये रोज, दर खेळाला हातानं ‘केला’ जात होता. सकाळचा मॅटिनी आणि रात्रीचा शेवटचा खेळ हे एकाच प्रिंटचे असले तरी हुबेहूब सारखे कधीच नसायचे.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजच्या ऑपरेटरना सगळा गाव मास्तर म्हणायचा. दुपारच्या खेळाला, मालक गावात नसले की, ते आम्हा पोरांना वर येऊ द्यायचे. अट एकच, कशालाही हात लावायचा नाही. आत दोन धिप्पाड मशिनी शेजारी शेजारी, प्रत्येकीच्या मागे लोखंडी दिवाघर आणि त्यातून छताबाहेर गेलेलं धुराडं. दिव्यात बल्ब नव्हता. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरलेल्या असत. मास्तर त्या एकमेकींना टेकवून चटकन मागे घ्यायचे, आणि मधल्या फटीत वीज पेटायची. धन बाजूच्या कांडीच्या टोकाला एक खळगा पडतो. त्याचं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जातं आणि खरा उजेड तिथून येतो. मागचा अंतर्गोल आरसा तो गोळा करून फिल्मच्या चौकटीवर फेकतो. या ठिणगीला एकदिश प्रवाह लागतो, म्हणून शेजारच्या खोलीत रेक्टिफायर घुमत असायचा.

कांड्या जळून आखूड होतात, तशी मधली फट वाढते. फट वाढली की उजेड आधी बदरंग होतो आणि मग विझतोच. त्या पुढे सरकवायला मोटर असे, पण मास्तरांचा मोटरवर विश्वास नव्हता. दिवाघराच्या बाजूला एक बारीक भोक होतं. त्यातून ज्योतीची उलटी प्रतिमा भिंतीवरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडायची. पुठ्ठ्यावर दोन पेन्सिलीच्या रेघा. कांड्यांची टोकं त्या रेघांवर राहिली पाहिजेत, बस्स. मास्तर आमच्याशी बोलत, डब्यातली भाकरी खात, पण डोळा पुठ्ठ्यावर आणि डावा हात कांड्या सरकवायच्या मुठीवर. अमुक सिनेमा कसा होता असं विचारलं तर म्हणायचे, ‘‘आवाज चांगला होता.’’ पडदा नीट बघायला त्यांना सवडच नसायची.

कांडीचं उरलेलं थोटूक टाकून द्यायचं नाही. क्लिपमध्ये धरून तेही जाळायचं. अगदीच बोटभर उरलेलं आम्हाला मिळायचं. त्याच्यासोबत तुटलेल्या फिल्मचे तुकडेही. मग घरी उडालेला बल्ब पोकळ करून त्यात पाणी भरायचं, आरशानं ऊन खोलीत आणायचं आणि मधे फिल्मचा तुकडा धरायचा. भिंतीवर हिरॉईन उलटी उभी राहायची. भिंगातून चित्र उलटं पडतं हे आम्ही तिथे शिकलो. मास्तरही फिल्म मशीनमध्ये डोकं खाली करूनच लावत.

आता मशीनच्या पोटात. फिल्म नुसती सरळ सरकत राहिली तर पडद्यावर धूसर पट्ट्याखेरीज काही दिसणार नाही. प्रत्येक चित्र भिंगासमोर येऊन थांबलं पाहिजे आणि डोळ्याला कळायच्या आत पुढचं आलं पाहिजे, सेकंदाला २४ वेळा. हे काम करतो चार खाचांचा एक पोलादी क्रॉस. शेजारच्या चाकावर एक खुंटी असते. चाक फिरताना ती क्रॉसच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. उरलेला वेळ क्रॉस जागच्या जागी जखडलेला. त्याच्याच दांड्यावर १६ दातांचं चाक असतं. पाव फेरा म्हणजे चार दात, चार दात म्हणजे फिल्मच्या कडेची चार भोकं, आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर चार भोकं म्हणजे बरोबर एक चित्र. हा क्रॉस तेलानं भरलेल्या डबीत बंद असतो, आणि केबिनमधली ती ओळखीची खडखड मुख्यतः त्याची.

चित्र सरकत असताना शटरचं पातं आडवं येऊन उजेड अडवतं. पण सेकंदाला २४ उघडझापांनी डोळे चुरचुरतात, म्हणून दुसरं पातं थांबलेल्या चित्रावरही एकदा अंधार पाडतं. पडदा सेकंदाला ४८ वेळा उजळतो. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात जवळजवळ दीड तास पडदा काळा होता, आणि आपण त्या दीड तासाचेही पैसे आनंदानं मोजत होतो.

या झटक्यांनी फिल्म फाटू नये म्हणून चौकटीच्या वर आणि खाली तिला सैल वळसा ठेवतात. वळसा निसटला की चित्र थरथरायला लागतं. फिल्म दोन भोकं चुकून बसली, तर पडद्याच्या वरच्या अर्ध्यात नायकाचे पाय आणि खालच्या अर्ध्यात डोकं. मधे आडवी काळी रेघ. पिटातून पहिली शिवी पोचायच्या आत मास्तर एक मूठ फिरवून डोकं जागेवर आणत.

आवाजाचं गणित आणखी मजेशीर. तो फिल्मच्या कडेला बारीक नागमोडी पट्टीच्या रूपात छापलेला असतो. एका छोट्या दिव्याचा उजेड त्या पट्टीतून आरपार जातो, पलीकडचा फोटोसेल त्याची कमीजास्त वीज करतो. पण चित्र धक्क्याधक्क्यानं जातं आणि आवाजाला एकसारखी गती लागते. म्हणून आवाज वाचण्याची जागा चौकटीच्या खाली, आणि फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या सुमारे २० चित्रं पुढे छापलेला. खालचा वळसा आखूड झाला की संवाद आधी आणि ओठ नंतर.

फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे ११ मिनिटं. टॉकीजमध्ये बहुधा दोन रिळं जोडून २२ मिनिटांचा स्पूल करत. सिनेमा किती मोठा हे सांगायला तेव्हा मिनिटं लागतच नसत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं की सगळा हॉल रिळांचा आकडा मोठ्यानं वाचायचा. अठरा म्हटलं की पैसे वसूल, तेरा म्हटलं की कुरकुर. जाणकार मंडळी त्रिकोणाची खूण शोधत. ती असली म्हणजे सेन्सॉरची कात्री चालली आहे.

एक स्पूल संपताना दुसरी मशीन तयार ठेवायची. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, जेमतेम चार चित्रांपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो दिसला की दुसरी मोटर सुरू. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की या मशीनची झडप बंद, त्या मशीनची उघडी. हॉलमध्ये कुणाला पत्ता लागला नाही तर ऑपरेटर तरबेज. मला हे ठिपके कळल्यापासून आजतागायत जुना सिनेमा निवांत बघता आलेला नाही; टीव्हीवर जुन्या प्रिंटवरून घेतलेला सिनेमा लागला तरी नजर त्या कोपऱ्यात जाते.

आणि तुटणं. फिल्म तुटली की दिवे लागायचे, काचेची स्लाइड यायची, आणि मास्तर ब्लेडनं टोक खरवडून, सिमेंट लावून सांधा दाबायचे. प्रत्येक सांध्यात दोन-चार चित्रं कायमची जात. मुंबई-पुण्यात महिनोन्‌महिने चालून प्रिंट आमच्याकडे पोचेपर्यंत तिच्यावर उभ्या ओरखड्यांचा पाऊस पडत असायचा आणि गाण्यातली अख्खी ओळ गळालेली असायची. कित्येक गाणी आमच्या पिढीला त्या उडीसकट पाठ आहेत. शहरात वेगळीच कसरत: एका प्रिंटवर दोन थिएटरं चालवायची, पहिल्याकडे उतरलेलं रीळ सायकलवरून दुसरीकडे. सायकल पंक्चर झाली की तिकडे स्लाइड.

१९५९च्या ‘कागज के फूल’नं सिनेमास्कोप हिंदीत आणला आणि मास्तरांच्या डोक्याला नवा ताप झाला. स्कोपचं चित्र फिल्मवर आडवं दाबलेलं असतं. पडद्यावर ते पसरायला वेगळं भिंग लागतं. सिनेमाआधीचा फिल्म्स डिव्हिजनचा समाचारपट साधा, सिनेमा स्कोप. मधे भिंग बदलायचं राहिलं की गुटगुटीत नायिकाही बांबूसारखी उंच.

खरा थाट ७० मिलिमीटरचा. ‘शोले’ ३५वरच चित्रित झाला, पण कॅमेऱ्याच्या काचेवर ७०च्या चौकटीच्या खुणा करून, आणि नंतर लंडनला नेऊन प्रिंट मोठी केली. दर चित्राला पाच भोकं, मिनिटाला एकशे साडेबारा फूट, कडेच्या चुंबकीय पट्ट्यांवर आवाजाचे सहा ट्रॅक: पाच पडद्यामागे, सहावा प्रेक्षकांच्या भोवती. १५ ऑगस्ट १९७५ला लागलेला हा सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. जय नाणं उडवतो तेव्हा लोक खुर्चीखाली वाकून बघत, असं सांगतात. सहा ट्रॅक पहिल्यांदा ऐकलेल्याला ते खोटं वाटत नाही. त्यानंतर ७०चा आकडा ही प्रतिष्ठा झाली. पुण्यात राहुल टॉकीजच्या तर नावालाच तो चिकटला. मिनर्व्हा आता पाडलं गेलंय.

कार्बनची सद्दी झेनॉन दिव्यानं संपवली. क्वार्ट्झच्या नळीत दाबून भरलेला वायू, शेकडो तास एकसारखा उजेड, ना धूर ना मूठ. तो बदलताना मात्र तोंडावर जाळी बांधावी लागे, कारण दाबाखालचा दिवा फुटला तर काचा गोळीसारख्या उडतात. मग २००५च्या आसपास उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरच्या सर्व्हरवर यायला लागला, आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत नव्या सिनेमाची प्रिंट निघणंच बंद झालं. फुजीनं २०१३मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं सोडलं. मशिनी भंगारात वजनावर गेल्या.

याबद्दल गळा काढणाऱ्यांत मी नाही. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा तालुक्यात त्याच शुक्रवारी, त्याच स्वच्छ चित्रासह दिसतो, हे आमच्या लहानपणी कुणाला सांगून पटलं नसतं. आम्हाला उरलेला, घासलेला, अर्धी गाणी गळालेला सिनेमा मिळायचा, आणि तो तसाच असतो असं आम्ही धरून चाललो होतो. नुकसान झालं ते मास्तरांसारख्यांचं. वीस-तीस वर्षं हातात मुरलेलं कसब एका माऊसच्या टिचकीवर आलं. काहींनी वायरिंगची कामं धरली, काही त्याच टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायला बसले.

दोन मशिनींची ही चैन पक्क्या थिएटरची. जत्रेतल्या काही तंबूंत मशीन एकच असायचं. रीळ संपलं की दिवे लावून दुसरं चढवायचं, म्हणजे एका सिनेमाला आठ-आठ मध्यंतरं, आणि तेवढ्या वेळा भजीवाल्याचा धंदा. पुढच्या आठवड्यात त्या टुरिंग टॉकीजकडे जाऊ.