ॲप्ट (पॅकेज व्यवस्थापक)

ॲप्ट हा डेबियन आणि त्यावर आधारित उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांमध्ये सॉफ्टवेअर बसवण्यासाठी, अद्ययावत करण्यासाठी व काढून टाकण्यासाठी वापरला जाणारा पॅकेज व्यवस्थापक आहे.

इतिहास

डेबियन प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. त्यातील डीपीकेजी हे मूळ साधन दिलेले पॅकेज उघडून त्यातील फायली योग्य जागी ठेवते व त्यांची नोंद करते. मात्र त्या पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज संगणकावर नसेल, तर ते शोधून आणणे डीपीकेजीच्या कक्षेत येत नाही. दुसरे आणावे, तर त्याला तिसरे हवे असते. ही साखळी आपोआप पूर्ण करणारा ॲप्ट १९९८ मध्ये आला व मार्च १९९९ मधील डेबियन २.१ मध्ये त्याचा समावेश झाला. प्रत्यक्ष बसवण्याचे काम तो आजही डीपीकेजीकडूनच करून घेतो.

कार्यपद्धती

वितरणाची पॅकेजे सर्व्हरवरील भांडारांत ठेवलेली असतात. 'अपडेट' ही आज्ञा त्यांची केवळ यादी ताजी करते; नव्या आवृत्त्या बसतात त्या 'अपग्रेड'ने. या नावांमुळे नवख्या वापरकर्त्यांचा हमखास गोंधळ होतो. 'रिमूव्ह'ने पॅकेज निघते, परंतु त्याच्या मांडणीच्या फायली राहतात. त्याही काढायच्या असल्यास 'पर्ज' वापरतात. केवळ इतरांच्या गरजेपोटी आलेली व आता निरुपयोगी झालेली पॅकेजे 'ऑटोरिमूव्ह' काढते.

सुरक्षा

पॅकेज बसवताना त्यातील स्क्रिप्ट संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने, म्हणजे 'रूट' म्हणून चालतात. त्यामुळे पॅकेज खरे आहे की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो. भांडाराच्या मुख्य फाइलवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या फाइलमध्ये पॅकेज-याद्यांचे हॅश आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. परिणामी, भांडाराची प्रत ठेवणाऱ्या त्रयस्थ सर्व्हरवर पॅकेज बदलले गेले, तरी ॲप्ट ते नाकारतो.

जानेवारी २०१९ मध्ये या तपासणीलाच बगल देणारा दोष ॲप्टमध्ये आढळला. एचटीटीपी पुनर्निर्देशन हाताळण्यातील चुकीमुळे, नेटवर्कच्या मार्गात बसलेल्या हल्लेखोराला आपले पॅकेज अस्सल म्हणून खपवता येत होते. दुरुस्तीही ॲप्टमार्फतच पोहोचणार असल्याने, ती घेताना पुनर्निर्देशन बंद ठेवावे, असे डेबियनने सुचवले.

स्वाक्षरीवरून पॅकेज कोठून आले ते कळते. आत काय आहे ते कळत नाही. एक्सझेड या फाइल-संकोचन सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मूळ प्रकल्पाच्या स्तरावरच चोरवाट घुसवण्यात आली होती. डेबियनच्या चाचणी व अस्थिर शाखांमध्ये त्या रीतसर, स्वाक्षरीसह पोहोचल्या. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले व त्या शोधातून चोरवाट उघडकीस आली. डेबियनच्या स्थिर शाखेत या आवृत्त्या तोवर आल्या नव्हत्या.