तळाची हळद

सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या हळदीच्या पेढीपुढे 1975 सालापासून एक प्रीमियर पद्मिनी उभी राहत आली. नाव पद्मिनी असले तरी घरात ती कायम ‘फियाट’च; इटलीच्या फियाट 1100 या गाडीचेच ते भारतीय रूप. ती बनत असे कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, आणि त्या कंपनीचे संस्थापक होते सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. त्यामुळे आपल्या समाजातील अनेक घरांना या गाडीविषयी थोडा अधिक जिव्हाळा. त्या काळी खिशात पैसे असून भागत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

अण्णांनी ही गाडी पेढीसारखी सांभाळली. तिची वहीसुद्धा वेगळी. तेल केव्हा बदलले, टायर कधी घेतले, कार्बोरेटर कोणी साफ केला, सारे तारीखवार. तिचे 1089 सीसीचे इंजिन आजही दुसऱ्या प्रयत्नात सुरू होते. परंतु अण्णांची दृष्टी आता क्षीण झाली, आम्ही मुले तो स्टिअरिंगजवळचा गिअर टाकण्यास कचरतो, आणि उभी गाडी गंजत जाते. विकावी, असे अण्णांनीच ठरविले.

कोल्हापूरचे एक हौशी गृहस्थ पाहावयास आले. इंजिन ऐकून प्रसन्न झाले. आमच्या मनातील किंमत त्यांनीच बोलून दाखविली. तेव्हा अण्णा म्हणाले, “साहेब, चालकाच्या पायाखालची चटई जरा उचला. 2019 च्या महापुरात पाणी आत शिरले होते. पत्रा गंजला, तेथे जोड लावून घेतला आहे.”

किंमत उतरली, आणि थोडीथोडकी नव्हे. सायंकाळी धाकटा भाऊ म्हणाला, “अण्णा, त्यांनी विचारलेसुद्धा नव्हते.” अण्णा म्हणाले, “पोत्याच्या तळाची हळद गिऱ्हाईक विचारते म्हणून दाखवतो का आपण?”

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी सौद्याआधी कागद पाहून घ्यावेत. नोंदणीची मुदत व विमा चालू असावा. मालकी हस्तांतराचे 29 व 30 क्रमांकाचे फॉर्म भरून आरटीओत नाव बदलल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे मानू नये. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रचना न बदललेल्या गाडीची 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन वा रॅलीसाठी. रोजच्या वापरासाठी नव्हे. घेणाऱ्यास हेही आधीच सांगावे.

निघताना त्या गृहस्थांनी वही मागितली. किल्ली देताना न थरथरलेला अण्णांचा हात तेथे क्षणभर थांबला. मग त्यांनी त्या दिवसाची तारीख घालून शेवटची नोंद केली, खाली सही केली आणि वही त्यांच्या हाती दिली.