जुन्या जीपचे पाटे

जुन्या जीपच्या मागच्या बाकड्यावर एकट्यानं बसून खडीच्या रस्त्यानं दहा किलोमीटर गेलेला माणूस त्या प्रवासाबद्दल फार बोलत नाही. उतरला की कंबर चोळतो. त्याच जीपमध्ये बारा-चौदा माणसं, धान्याची दोन पोती आणि टपावर कोंबड्यांची डाल असली, तर तोच रस्ता बराच सुसह्य होतो. ‘गाडी भरली की बरी चालते’ असं वडापचे, म्हणजे माणसं भरून खेपा मारणाऱ्या जीपचे, ड्रायव्हर म्हणत आले आहेत. ज्याला आपल्या जुन्या जीपचं सस्पेन्शन सुधारायचं आहे, त्यानं या वाक्यापासूनच सुरुवात करावी. जीपचे पाटे ओझ्यासाठी घडवलेले असतात. ओझं नसलं की ते रुसतात.

पाटा म्हणजे पोलादाची लांब, धनुष्यासारखी वाकवलेली पट्टी. लांबीनं कमी कमी होत जाणारे असे पाटे एकाला एक लावून मधोमध सेंटर बोल्टनं आवळले की कमानपाट्यांचा संच तयार होतो. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गुंडाळून डोळे केलेले असतात आणि डोळ्यांत बुश बसवलेले असतात. एक डोळा चासीला पिनेनं जखडलेला, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला अडकवलेला. चाक वर आलं की कमान सपाट होते, म्हणजे पाटा लांबतो. त्या वाढीव लांबीला जागा देण्यासाठी शॅकल झुलते. मध्यभागी यू-बोल्ट पाट्यांना एक्सलशी बांधून ठेवतात.

हे साधं दिसणारं यंत्र एकाच वेळी तीन कामं करतं. ते वजन पेलतं. ते एक्सलला जागेवर धरतं, पुढेमागे किंवा आडवं सरकू देत नाही. आणि पाटे एकमेकांवर घासतात त्या घर्षणानं उसळी थोडी मारतं. कॉइल स्प्रिंग यांतलं फक्त पहिलं काम करते, बाकीच्यांसाठी तिला लोखंडी दांडे आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची साथ लागते. आडरानात, हाताशी पाना आणि जॅक एवढंच असताना, पाट्यांची गाडी दुरुस्त होते ती या साधेपणामुळे.

पाटे मोटारीपेक्षा जुने. लंडनच्या ओबादाया इलियटनं घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १८०४ च्या सुमारास. आपल्याकडे टांग्याखालीही तेच तत्त्व होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या, त्यांच्या चारही चाकांवर पाटे होते. ती गाडी कागदोपत्री पाव टनाचा ट्रक होती. पोलादाच्या व्यापारासाठी १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनं पुढच्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला विलीसच्या जीपा जोडायला घेतल्या. लष्कर, वनखातं, पाटबंधारे, तहसील कचेरी, मग वडाप अशा वाटेनं ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचली आणि पाटेही तिच्याबरोबर गेले.

परदेशात वारं लवकर बदललं. १९७० च्या रेंज रोव्हरला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग होत्या. लँड रोव्हरनं आपल्या कामकरी गाडीचे पाटे १९८३ पासून काढायला सुरुवात केली. आपल्याकडे १९८५ ची मारुती जिप्सी शेवटपर्यंत चारही चाकांच्या पाट्यांवरच चालली. ताडोब्यात वाघ बघायला जाणाऱ्या अनेकांची आणि पाट्यांची पहिली ओळख तिच्याच मागच्या सीटवर झाली असेल. महिंद्रांच्या २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आले, मागे मात्र पाटे राहिले. २०२० च्या नव्या थारमध्ये मागचे पाटेही गेले. म्हणजे आज ज्यांच्या अंगणात महिंद्रांची जुनी मेजर, एमएम ५४० किंवा मारुतीची जिप्सी उभी आहे, त्यांच्यापुढे प्रश्न आहे तो मागच्या जमान्याच्या ओझ्यासाठी केलेली गाडी आजच्या वापराला कशी जुळवायची हा.

रिकामी गाडी का आदळते, हे आकड्यांत बघू. पाट्यावर वजन पडलं की तो काही सेंटिमीटर दबतो. जितका जास्त दबतो तितकी गाडीची डुलकी संथ. समजा, भरलेल्या गाडीत मागचा पाटा दहा सेंटिमीटर दबला, तर गाडीचा मागचा भाग मिनिटाला सुमारे ९५ वेळा वरखाली होऊ पाहतो. रिकाम्या गाडीत तोच पाटा पाच सेंटिमीटरच दबला, तर हा आकडा १३४ वर जातो. साध्या मोटारी साधारण साठ ते नव्वदच्या दरम्यान ठेवलेल्या असतात, कारण चालताना शरीराला जी लय सवयीची असते तिच्याजवळ तो वेग येतो. त्यात गंजाची भर. पाट्यांच्या मध्ये चिखल आणि गंज साचला की संच एखाद्या ओंडक्यासारखा वागतो. छोट्या खड्ड्याचा धक्का घर्षण मोडण्याइतका मोठा नसतो, म्हणून पाटा हलतच नाही आणि धक्का थेट मणक्यात जातो.

म्हणून पहिली सुधारणा जवळपास फुकटची. संच उतरवायचा, पाटे सुटे करायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, तडे तपासायचे, टोकांजवळ झिजून पडलेले खड्डे बघायचे, वंगण लावून पुन्हा बांधायचे. बुश आणि शॅकलच्या पिना नव्या घालायच्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. एक्सल हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलं जातं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. यू-बोल्टही नवेच घ्यावेत आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले की सारा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि एक्सल तिरका सरकतो. ‘गाडी खेकड्यासारखी चालते’ अशी तक्रार येते ती बहुधा यातूनच.

दुसरा मार्ग पाटेवाल्याच्या दुकानात जातो. महामार्गावर ट्रक जिथे थांबतात तिथे, ‘कमानपाटे’ अशी पाटी आणि बाहेर गंजलेल्या पाट्यांचा ढीग असलेलं हे दुकान हटकून असतं. थकून सपाट झालेला पाटा मिस्त्री दोन आधारांवर टेकवतो आणि पोटाकडून घणाचे जवळजवळ ठोके देत कमान पुन्हा चढवतो. नजरेनं आणि जुन्या पाट्याच्या मापानं वक्रता जुळवण्याची ही कला बघण्यासारखी आहे, तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. थंड ठोकून चढवलेली कमान काही महिन्यांत पुन्हा बसू लागते. टिकाऊ काम हवं तर पाटा भट्टीत साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून, आकार देऊन तेलात विझवावा लागतो आणि मग चारशे-पाचशे अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. गॅसच्या बत्तीनं एका जागी लाल करून वाकवलेला पाटा तिथे मऊ पडतो. वेल्डिंग केलेला पाटा तर गाडीत ठेवूच नये. जोडाशेजारी तो कधी तुटेल याचा भरवसा नसतो.

‘एक पाटा काढून टाका’ हा सल्लाही इथेच मिळतो. जाडी सारखी असलेल्या आठ पाट्यांतून एक काढला तर ताठरपणा साधारण आठव्या हिश्शानं कमी होतो. पण उरलेल्यांवरचा ताण वाढतो, आणि पूर्वीइतकंच ओझं लादलं तर ते लवकर थकतात. पाटा मवाळ करण्याची खरी किल्ली लांबी आणि जाडीत आहे. जाडी दहा टक्के वाढवली तर ताठरपणा तेहेतीस टक्के वाढतो; लांबी दहा टक्के वाढवली तर तो पाव हिश्शानं घटतो. लांब आणि पातळ पाटा सुखाचा. जीपच्या चासीखाली लांबीला जागा थोडी, म्हणून विलीसच्या वंशातल्या गाड्या जन्मतःच कडक.

तिसरा मार्ग पॅराबोलिक पाट्यांचा. साध्या पाट्याची जाडी सगळीकडे सारखी असते. पॅराबोलिक पाटा मध्यभागी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो; हा उतार अशा हिशेबानं दिलेला असतो की पाट्याच्या लांबीभर ताण जवळपास सारखाच राहावा. त्यामुळे सात-आठ पाट्यांचं काम दोन-तीन पाट्यांवर भागतं, वजन उतरतं आणि पाटे फक्त मध्यभागी व टोकांशी टेकत असल्यामुळे घर्षण फारच कमी होतं. जुन्या जिप्सीत किंवा जीपमध्ये बसणाऱ्याला सर्वांत आधी जाणवणारा बदल हाच. त्याची किंमतही आहे. घर्षण गेलं म्हणजे उसळी मारणारा फुकटचा मदतनीस गेला. गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात तो शॉक अॅब्सॉर्बर जुनाच ठेवून पॅराबोलिक पाटे बसवले, तर आदळणारी गाडी झुलणारी होते. पाटे आणि शॉकअप यांची खरेदी एकत्रच करावी.

राहिला उंचीचा मोह. मोठे टायर बसावेत म्हणून लांब शॅकल लावली जाते. शॅकल दोन इंच लांबली की गाडी एकच इंच उचलली जाते, आणि एक्सलचा कल बदलून स्टिअरिंगचं सरळ परतणं बिघडू शकतं. याहून मोठी उडी म्हणजे एक्सल पाट्यांच्या वर बसलेला असेल तर पाटे त्याच्या वर आणणं. मग एक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या संचाची जाडी मिळून होते तेवढी उंची एका झटक्यात मिळते. पण त्यामागून अडचणींची रांग लागते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन तीव्र होऊन त्याच्या सांध्यांतले क्रॉस झिजतात. ब्रेकचे होज अपुरे पडतात. स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, तिरकी होऊन खड्ड्यागणिक स्टिअरिंग हाताला झटके देतं. चढावर जोर लावला की एक्सल पिळला जातो आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो. हे पिळणं १९४० च्या दशकातल्या इंजिनिअरांनाही ठाऊक होतं. लष्करी जीपच्या पुढच्या डाव्या संचाला त्यासाठी एक जादा पाटा दिलेला असे. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला की घाटातल्या वळणावर ती लवकर कलते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला ते मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच पुन्हा ठणकावलं.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी साफसफाई, बुश, यू-बोल्ट, मग शॉकअप, त्यानंतर पॅराबोलिक संच. उंची सर्वांत शेवटी, आणि बहुतेकांना तिची गरज पडत नाही. तरीही पाट्यांची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. गाडीत रोज असतं तेवढंच सामान आणि माणसं भरा, जवळच्या वजनकाट्यावर न्या, पुढचा एक्सल वेगळा आणि मागचा वेगळा तोलून घ्या. पाटेवाल्यानं ‘किती पाटे हवेत’ असं विचारलं की ती पावती त्याच्या हातात द्या.