वीरगळावरची पुसट अक्षरं मोबाईलने कशी टिपायची?

कोल्हापूरजवळच्या बीड गावात (ता. करवीर) बरेच वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा स्मृतिदगड. तो खालून वर वाचायचा: पडलेला वीर, लढाई, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. तळाशी गाई दिसल्या, तर तो गुरं राखताना गेला.

काही वीरगळांवर लेखही असतो, पण झिजलेला. फ्लॅशचा प्रकाश समोरून पडतो, सावली पडत नाही आणि दगड सपाट दिसतो. मग हे करा:

१. अंधार पडल्यावर एक फोन ट्रायपॉडवर लावा, फ्लॅश बंद.
२. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा. खोदलेल्या रेघेत सावली भरते, अक्षर उठून दिसतं.
३. टॉर्च फिरवत चारी बाजूंनी ८-१० फोटो घ्या.

२००१ मध्ये एचपी लॅब्सच्या टॉम माल्झबेंडर यांनी हीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली. त्यातूनच आजचं आरटीआय तंत्र आलं (माहिती अधिकार नव्हे!).

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो: एआय ‘एन्हान्स’ वापरू नका. ते अंदाजाने पिक्सेल भरतं, नसलेलं अक्षरही दाखवेल. आणि दगडाला खडू, पीठ, ऑइल पेंट तर नकोच. रंग रेघेत बसला की सावलीच पडत नाही. फोटो पुन्हा काढता येतो, अक्षर पुन्हा कोरता येत नाही.